अमर व्हायला मिळालं तर घ्याल का?

रातकिडा: म्हातारपण नाही, आजार नाही, मरण नाही. असा वर मिळाला तर? मी डोळे झाकून घेईन. ‘मरण आहे म्हणून जगण्याला अर्थ आहे’ हे मला कोल्ह्याच्या आंबट द्राक्षांसारखं वाटतं. दात दुखतो म्हणून दाताला अर्थ आला, असं कुणी म्हणतं का?

शंकेखोर: अश्वत्थामा विसरलात वाटतं. कपाळावरची जखम घेऊन तो अजून वणवण फिरतोय म्हणतात.

रातकिडा: तो त्रास जखमेचा, अमरत्वाचा नाही. मारुतीही चिरंजीव आहे, त्याची काही तक्रार ऐकिवात नाही.

पेशीवाली: ‘म्हातारपण नाही’ ही अट तोंडाने घालणं सोपं आहे. १९६१ साली हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ५० वेळा विभागतात नि थांबतात. न थांबणाऱ्याही आहेत. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईंच्या पेशी १९५१ पासून प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. पण त्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या. पेशी अमर झाल्या, बाई त्याच वर्षी गेल्या. (मी मरणाची वकील नाही हं.)

रातकिडा: म्हणजे अवघड आहे. नको आहे असं नाही!

शंकेखोर: बरं, जमलं समजा. कुणीच मरत नाही, मग नव्यांना जागा कुठली? ययातीने आपलं म्हातारपण पुरूच्या गळ्यात घातलं, तसंच होणार. खुर्चीवरचा माणूस हजार वर्षं उठणारच नाही. काही हुकूमशहांपासून आपली सुटका शेवटी यमानेच केली आहे.

आजोबा७८: कंटाळा येईल, ही तरुणांची भीती. मला अजून सकाळ झाली की बरं वाटतं. शाळेपासूनचे आम्ही पाच मित्र, उरलो मी एकटा. नवी माणसं भेटतात, चांगली असतात. पण ‘तू लहानपणी किती रडका होतास’ म्हणणारं आता कुणी नाही. हे आणखी पाचशे वर्षं? नको.

रातकिडा: आणि ते चौघेही अमर असते तर?

आजोबा७८: त्यातल्या एकाशी बोलणंच बंद होतं. पण हो, मग विचार केला असता.

शंकेखोर: आजोबा, तुम्ही पार्टी बदलताय!

आजोबा७८: अमर नकोच. फक्त वीस वर्षं द्या, गुडघे बदलून.

रातकिडा: वीस वर्षांनी पुन्हा विचारतो.

आजोबा७८: विचार. तेव्हाही वीसच मागेन.