भाचीच्या इंजिनिअरिंगसाठी शिष्यवृत्ती: सुरुवात कुठून करू? (सातारा/सांगली)

खटावचा_मामा

नमस्कार मंडळी. भाची यंदा बारावी झाली. सीईटीत पर्सेंटाइल बऱ्यापैकी आलेत. दाजी गवंडीकाम करतात, खटाव तालुक्यात तीन एकर जिरायत रान आहे, ते पावसाच्या मर्जीवर. आक्का घरीच असते. एसईबीसीचा (मराठा आरक्षणाचा) दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर काढून झालंय, जात पडताळणीला (व्हॅलिडिटीला) अर्ज टाकलाय, पावती हातात आहे.

कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या) राउंडमध्ये सांगलीला सिव्हिल मिळालंय. तेवढ्यात दुसऱ्या एका कॉलेजातून फोन आला, "संस्था स्तरावर कॉम्प्युटर देतो, उद्याच येऊन जा." दाजी म्हणतात कॉम्प्युटर घ्यावं, शिष्यवृत्ती काय दोन्हीकडे मिळेलच. खरंच मिळते का? आणि वडूजचा एक नेट कॅफेवाला म्हणतो, "सगळे फॉर्म मी भरतो, पोरीचं आधार आणि मोबाइल माझ्याकडं ठेवा." घरात पहिलीच पोरगी इंजिनिअरिंगला चाललीय, कुणाला काही ठाऊक नाही. अनुभवी लोकांनी सांगावं.

विश्रामबागवाली

मामा, आधी त्या फोनचं बघा, बाकी सगळं नंतर.

मुलींच्या फीबद्दल जुलै 2024 मध्ये शासन निर्णय निघाला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मीच होती, मुलांना अजून निम्मीच आहे. पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. संस्था स्तर (कॉलेज स्वतः भरतं त्या जागा) किंवा मॅनेजमेंट कोटा म्हटलं की विषय संपला. फोन करणारा हे स्वतःहून कधीच सांगत नाही. "स्कॉलरशिपचं नंतर बघू" एवढंच म्हणतो, आणि नंतर बघायला कुणी नसतं.

म्हणजे दाजींना निवड सिव्हिल की कॉम्प्युटर अशी करायची नाहीये. एका बाजूला जवळपास फुकट सिव्हिल आहे, दुसऱ्या बाजूला चार वर्षं पूर्ण फी भरून कॉम्प्युटर. असा आकडा मांडून त्यांच्यापुढे ठेवा. पुढच्या राउंडला शाखा बदलायची आशा असेल तर जागा फ्रीज (पक्की) न करता थांबता येतं, ते नियम सीईटी सेलच्या माहितीपत्रकात नीट वाचा. टीएफडब्ल्यूएस नावाच्या शिकवणी फी माफीच्या जागाही असतात, शाखेच्या मंजूर जागांच्या वर 5 टक्के. त्यात जात बघत नाहीत, 8 लाखांच्या आतलं उत्पन्न आणि मेरिट बघतात. त्याही कॅपमधूनच भरतात.

(आणि सिव्हिलला नाक मुरडू नका. माझी शाखा तीच.)

टेबल_नंबर_चार

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपचं टेबल सांभाळतो. कॉलेजचं नाव विचारू नका. वरच्या ताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे. मी कागदांचं सांगतो, कारण पोरांचे पैसे मार्कांपायी अडकलेले मी फारसे पाहिले नाहीत. अडकतात ते नाव, खातं आणि मोबाइल या तीन ठिकाणी.

नाव. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, इथवर ठीक. पण आधारवर वडिलांचं नावच नाही, किंवा "सानिका"च्या स्पेलिंगमध्ये एक ए जास्त, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) प्रोफाइल आधारवरून उचललं जातं. तिथला फरक पुढं प्रत्येक टप्प्यावर आडवा येतो.

खातं. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातात असा सगळ्यांचा समज असतो. डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यावर येणारे) पैसे आधार ज्या खात्याला मॅप आहे तिथंच जातात. पोरीचं लहानपणी गणवेशाच्या पैशासाठी शाळेनं काढलेलं खातं असतं, ते केव्हाच बंद पडलेलं, आणि आधार त्यालाच चिकटलेलं. यूआयडीएआयच्या (आधारच्या) साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे. स्टेटस इनअॅक्टिव्ह दिसलं किंवा भलतीच बँक दिसली तर चालू खात्याच्या शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म द्या. तेही जमेना तर पोस्टात पेमेंट्स बँकेचं खातं काढा. खेड्यातल्या पोरांना मी हेच सांगतो, पोस्टमन ओळखीचा असतो.

मोबाइल. कॅफेवाल्याला आधार आणि मोबाइल देणार असाल तर इथंच थांबा. हे लोक प्रोफाइल स्वतःच्या नंबरवर आणि स्वतःच्या ईमेलवर काढतात. पुढच्या वर्षी रिन्युअलला ओटीपी त्याच्या फोनवर. तोवर त्यानं दुकान बंद करून रसवंती टाकलेली असते. दर वर्षी माझ्या टेबलासमोर असं एक तरी पोरगं उभं असतं, पासवर्ड नाही, नंबर नाही, आणि डेडलाइन तोंडावर.

कॅफेत स्कॅन करून घ्या, त्याचे पैसे द्या, पण बसायचं पोरीनं. फाइल 256 केबीच्या आत बसवावी लागते, तिथं मात्र कॅफेवाल्याचा हात चांगला असतो.

खटावचा_मामा

साहेब, लाख मोलाचं सांगितलंत. दाजींना फोनवर आत्ताच वाचून दाखवलं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढलेला आहे, तो चालेल ना? आणि राहण्याचं काय? वसतिगृह मिळालं नाही तर विश्रामबागला कॉट बेसिसवर बघणार आहोत. मेस वेगळी.

टेबल_नंबर_चार

तहसीलदारांच्या सहीचाच लागतो, तलाठ्याचा चालत नाही. फक्त मुदत बघून घ्या. 31 मार्चला संपलेला दाखला लावला की अर्ज परत येतो, आणि ऑगस्टात सेतूत रांग कसली असते ते तुम्हाला माहीतच आहे.

आता योजना. महाडीबीटीवर तिनं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती निवडायची. लोक अजून ईबीसीच म्हणतात. मुलींची पूर्ण माफी यातूनच होते. एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत मिळते, तेव्हा घरात मोठं कुणी आधीच घेत असेल तर हिशेब करा. पात्र मुलींकडून शिकवणी फी आधी भरून घेऊ नये असं शासनानं कॉलेजांना कळवलेलं आहे. कुणी मागितलीच तर शांतपणे हमीपत्र लिहून देतो म्हणा. डेव्हलपमेंट फी आणि बाकीची किरकोळ रक्कम मात्र माफीत येत नाही, तेवढी तयारी ठेवा.

राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. तीन एकर म्हणजे दाजी अल्पभूधारक झाले, त्यांच्या मुलीला जास्त दरानं मिळतो. तहसीलमधून अल्पभूधारकाचा दाखला काढा. वसतिगृहात असेल तर तिथला दाखला, बाहेर खोली घेतली तर भाडेकरार लागतो. कॉट बेसिसवाले मालक करार करायला तयार होत नाहीत, हा नेहमीचा घोळ. खोली ठरवतानाच विचारा, डिपॉझिट दिल्यावर नको.

व्हॅलिडिटीच्या मागं लागा. पावतीवर प्रवेश होतो, पण मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश टिकत नाही. आणि तो गेला की वरचं सगळंच गेलं.

जतची_पोरगी

दाजी गवंडी आहेत म्हणालात, त्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का? कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते. माझे पप्पा सेंट्रिंगला जातात. मंडळाची नोंदणी चालू असेल तर पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी मदत मिळते, पदवीला वर्षाला 20 हजार, इंजिनिअरिंगला 60 हजार, मेडिकलला एक लाख. नोंदणीला मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो. आमच्याकडं भांडी आणि सेफ्टी किट घ्यायला अख्खं गाव गेलं, पण शिष्यवृत्ती विचारली कुणी तर एक-दोघांनी.

नोंदणी आहे पण नूतनीकरण केलेलं नाही, असं बहुतेकांचं असतं. दाजींचं कार्ड काढून तारीख बघा. फी माफीसोबत ही चालते का ते मंडळाच्या कार्यालयातच विचारून घ्या, कॉलेजात नको.

खटावचा_मामा

कार्ड आहे! पेटी मिळाली होती तेव्हाचं. तारीख बघतो.

अपशिंगेकर

साताऱ्याचा धागा आहे आणि फौजेचं नाव नाही, असं कसं चालेल. वडील माजी सैनिक असतील तर केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती बघा. मुलींना महिन्याला 3,000, मुलांना 2,500. बारावीला 60 टक्के हवेत, कोर्स व्यावसायिक हवा, आणि अर्ज पहिल्या वर्षीच करायचा. दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही. अर्ज ऑनलाइन, अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं.

खटावचा_मामा

भाचीचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पेन्शन आहे. चालेल का?

अपशिंगेकर

नाही दादा. माजी सैनिकाच्या मुलांना आणि विधवा पत्नीला आहे. नातवंडांना नाही. आजोबांना रामराम सांगा.

स्कॉलरशिप_एक्स्प्रेस

सर्व सरकारी व खाजगी शिष्यवृत्त्या 100% खात्रीने करून मिळतील. फक्त 1500/- रु. व्हॉट्सअॅपसाठी इनबॉक्स करा.

टेबल_नंबर_चार

100 टक्के खात्री मलासुद्धा देता येत नाही, आणि अर्ज माझ्याच लॉगिनमधून पुढं जातात. कुणी इनबॉक्स करू नका.

रयतेचा_विद्यार्थी

विषय इंजिनिअरिंगचा आहे हे मान्य, पण धाग्यावर इतरही पालक येत असतील म्हणून लिहितो. प्रत्येक पोराला शिष्यवृत्ती मिळेलच असं नाही, तेव्हा साताऱ्याची जुनी वाट विसरू नका. भाऊरावांनी 1919 मध्ये काल्यात रयत काढली, 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे वाक्य फक्त भिंतीवर लिहिण्यापुरतं नव्हतं, आम्ही कॉलेजच्या बागेत पाणी धरून फी भरलेली आहे. कमवा आणि शिका आजही आहे. बीए, बीएस्सीला जाणाऱ्या गरीब पोरानं प्रवेशाच्या वेळीच चौकशी करावी, नंतर जागा भरतात.

पुण्याला जाणारा कुणी असेल तर विद्यार्थी सहायक समितीचं वसतिगृह बघा. 1955 पासून खेड्यातल्या पोरांसाठी आहे, खर्च अगदी कमी. मुलाखत घेतात, घरची परिस्थिती खरंच बघतात.

जतची_पोरगी

मामा, केंद्राची एक राहिली. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती, फक्त मुलींसाठी. तांत्रिक पदवी किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला अर्ज, वर्षाला 50 हजार, उत्पन्न 8 लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. तिथं आधी ओटीआर (एकदाच करायच्या नोंदणीचा) नंबर काढावा लागतो, त्याला चेहरा स्कॅन करतात. घरात उजेड नसेल तर अंगणात येऊन करा, माझं चार भिंतींत होईना.

पण दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकत्र बहुधा चालत नाहीत, तेव्हा ऑफिसात विचारूनच काय घ्यायचं ते ठरवा. ज्यांची फी आधीच कमी आहे त्यांना कधीकधी प्रगती परवडते.

त्याच पोर्टलवर सेंट्रल सेक्टरची शिष्यवृत्ती आहे. बारावीला आपल्या बोर्डात आणि शाखेत 80 पर्सेंटाइलच्या वर असलेल्यांना, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. पदवीला वर्षाला 12 हजार. साध्या बीएस्सी, बीकॉमच्या मुलांनी तर ही सोडूच नये, तिकडं योजना आधीच कमी.

खाजगीत मुलींसाठी कोटक कन्या मोठी आहे, पण बारावीचे मार्क आणि कॉलेज दोन्ही बघतात. रिलायन्स फाउंडेशनची परीक्षा ऑनलाइन असते. या सगळ्यांना एक पानाचं निवेदन लागतं. तिथं "मी गरीब आहे" असं दहा वेळा लिहू नका. दाजी रोज कुठून कुठं कामाला जातात, रान किती, बोअरला पाणी किती महिने असतं, हे सरळ लिहा. वाचणाऱ्याला चित्र दिसलं पाहिजे.

मिरजेचा_सूरज

मध्येच विचारतो, माफ करा. मी एससी, भारत सरकारची (जीओआय) पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती. माझ्या खात्यावर पैसे आले आणि कॉलेज म्हणतं फी भर. ही शिष्यवृत्ती कॉलेजला जाते ना?

टेबल_नंबर_चार

सूरज, आता तसं नाही. केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि त्यातली फी तू कॉलेजात भरायची असते. मेसेज बघ, रक्कम कशाची आहे ते कळेल. फीचा भाग आठवड्याच्या आत भर आणि पावती जपून ठेव. निर्वाह भत्ता तुझा. घरच्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर खात्यावर पैसे दिसले की खताचं बिल निघतं. वसतिगृह मिळालं नसेल तर समाज कल्याणच्या ऑफिसात स्वाधार योजनेचं विचार, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे.

खटावचा_मामा

अपडेट. दाजींना आकडा मांडून दाखवला, सिव्हिल ठरलं. भाची म्हणते पुढच्या राउंडला थांबून बघू, पण कॅपमध्येच. कामगार कार्डाची मुदत संपलीय, उद्या ठेकेदाराकडून 90 दिवसांचा दाखला घेतोय. सीडिंगमध्ये खरंच शाळेतलं जुनं खातं निघालं, सोमवारी पोस्टात जाणार.

एक शेवटचं. अर्ज सबमिट झाला की आपलं काम संपलं का?

टेबल_नंबर_चार

नाही. प्रिंट काढून कागदांसह माझ्यासारख्याच्या टेबलावर द्यायची. दर आठवड्याला लॉगिन करून स्टेटस बघायचं. परत पाठवलाय असं दिसलं तर कारण तिथंच लिहिलेलं असतं, दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवायचं. पोर्टलवर मेसेज येतोच असं नाही. आणि दुसऱ्या वर्षी नवीन अर्ज करायचा नाही, रिन्युअल करायचं. आयडी, पासवर्ड, अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा. वही आक्काकडं द्या, दाजींकडं नको.

खटावचा_मामा

हा हा, दाजी शेजारीच बसलेत. वही आक्कानं घेतली.