आठ जणं, त्यात दोघं व्हेज, एकाला तिखट बंद : कोल्हापुरात साध्या मटण खानावळीत एकत्र कसं जेवायचं?

पेठेतला_गडी

नमस्कार मंडळी, डिप्लोमाचा आमचा ग्रुप आहे, आता सगळे पांगलेत, कोण पुण्यात, कोण बेंगलोरला, एक नाशिकला, बाकीचे आम्ही इथंच कोल्हापूर इचलकरंजीकडं. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांचं कोल्हापुरात जमायचं ठरलंय आणि जेवायची जागा बघायचं काम माझ्यावर आलंय कारण मी इथला. एसी, सोफा, मोठं मेनूकार्ड असलं काही नकोय, साधी खानावळ पाहिजे, स्टीलचं ताट, तांबडा-पांढरा रस्सा, गरम भाकरी, कांदा-लिंबू, बास.

पण अडचण अशी की आठातले दोघं पूर्ण शाकाहारी, त्यातला एक माळकरी घरातला आहे आणि मनापासून पाळतो. तिसऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरनी तिखट बंद केलंय पण मटण चालतं. आणि एका मित्राची नोकरी गेलीय, तो तोंडानं काही बोलणार नाही पण मला माहितीय सध्या ओढाताण चालू आहे.

मागं एकदा पुण्यात जेवलो तेव्हा कुणीतरी बिल सरळ डोक्यागणिक वाटलं. ज्यानं वरण-भात आणि दोन रोट्या खाल्ल्या त्यानंपण मटण आणि कबाबाचे पैसे भरले. तो हसत जीपे करून मोकळा झाला आणि पुढच्या भेटीला आलाच नाही, काम आहे म्हणाला. ते मला अजून सलतंय. यावेळी एकाच टेबलावर बसून सगळ्यांचं पोट भरलं पाहिजे आणि कुणाच्या मनात काही राहायला नको. कसं जमवायचं सांगा, आधी फोन करून सांगितलेलं चालतं का असल्या खानावळीत?

रस्सावरप्या

भावा एक गोष्ट तुझ्या बाजूनं आहे, आपल्याकडं खानावळीत ताटाचा हिशेब असतो. मटण ताट एवढं, चिकन ताट एवढं, अंडा ताट एवढं, व्हेज ताट एवढं. ज्यानं जे ताट घेतलं त्याचे त्यानं द्यायचे, निम्मं भांडण इथंच मिटतं. रस्सा बहुतेक ठिकाणी मागाल तेवढा वाढतात, सुकं मटण मात्र ताटात एकदाच येतं. बिल फुगतं ते 'अजून एक सुकं आण, अजून एक खिमा आण' याच्यात. तेव्हा बसायच्या आधी विचारून घ्यायचं, ताटात काय काय येतं, भाकरी मोजून का पाहिजे तेवढी. यात लाज कसली. मटणाचा दर काय चीज आहे हे कोल्हापूरकराला सांगाय नको, 2019 च्या शेवटाला याच दरावरून कसबा बावड्यापासनं आंदोलन पेटलेलं सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं.

आता खानावळ कशी ओळखायची. मी पहिल्यांदा पांढरा बघतो, तांबडा नाही. तांबड्यात चटणी आणि वरच्या तेलाचा कट एवढा असतो की कसर झाकली जाते, पांढऱ्यात काही लपत नाही. अळणी पाणी म्हणजे हळद-मीठ-आलं-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचं पाणी, त्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण, खडा मसाला, आणि नारळाचं दूध एकदम शेवटाला. दूध घातल्यावर खळखळून उकळी आणली की ते फुटतं. म्हणून सकाळचा पांढरा दुपारी पुन्हा पुन्हा तापवलेला असला तर वाटीच्या कडेला बारीक कण दिसतात आणि वर पाणी सुटल्यासारखं होतं. चांगला पांढरा पातळ असतो, वाटी तोंडाला लावून पिता येतो, आधी गोडसर लागतो आणि मिरीचा झटका मागनं येतो. पीठ लावल्यासारखा दाट आला तर समजायचं नारळात हात आखडलाय.

रविवार म्हणजे मटणाचाच वार, माल ताजा मिळणार पण गर्दीपण तसलीच. आठ जणं म्हणजे दोन टेबलं जोडाय लागणार, साडेबाराच्या आत बूड टेकवा. दीडनंतर गेलात तर दोघं इकडं, तिघं तिकडं, उरलेले दारात उभे.

सांगलीची_सून

मी स्वतः शाकाहारी आहे आणि नवरा, दीर, त्यांचे मित्र सगळे पक्के खाणारे, त्यामुळं अशा खानावळीत कोपऱ्यात बसून मी बरंच बघितलंय. वरच्या दादांनी सांगितलंच आहे तरी पुन्हा लिहिते कारण इथंच माणसं फसतात, पांढरा रस्सा शाकाहारी नसतो. पांढराशुभ्र दिसतो, नारळाचा वास येतो, नवीन माणसाला वाटतं हे चालेल आपल्याला, आणि गडबडीत वाढणारा पोरगा सगळ्यांच्या ताटात एक एक वाटी ठेवून पुढं जातो. बाहेरगावचे मित्र असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसरं म्हणजे वगराळं, वाढायची पळी. व्हेज ताटातली आमटी आणि मटणाचा रस्सा एकाच वगराळ्यानं वाढला तर माळकरी माणसाचं जेवण तिथंच संपलं, आणि तो चारचौघात बोलणार नाही, नुसती भाकरी चिवडत बसेल. फोन करताना तुम्हीच स्पष्ट विचारा, व्हेजचं भांडं, पळी, वाढणारा वेगळा आहे का. व्हेज स्वयंपाकघरच वेगळं आहे अशा जागा आहेत, थोडं शोधावं लागतं एवढंच. आणि कॅलेंडर उघडून त्या दिवशी एकादशी नाही ना तेही बघून घ्या, नाहीतर तो उपवासाला आणि तुम्ही जेवायला असं व्हायचं.

आणि प्लीज त्यांच्यासाठी पनीर कोल्हापुरी मागवू नका. लाल रंग आणि वर एक तळलेली मिरची, त्यात कोल्हापूर कुठं आहे? अख्खा मसूर विचारा, आमच्या सांगली इस्लामपूर कराड पट्ट्यातल्या ढाब्यांवरचा पदार्थ आहे तो, आता कोल्हापुरातपण बऱ्याच ठिकाणी मिळतो. नीट केलेला असला तर मसूर अख्खा दिसतो पण बोटानं दाबला की लोणी होतो. नाहीतर भरलं वांगं, पिठलं, खर्डा, दही, ज्वारीची भाकरी. हे ताट मटणाच्या ताटाच्या शेजारी ठेवलं तरी कमी वाटत नाही. मला कुणी मनापासून असं मागवून दिलं की मी त्या टेबलावर दोन तास आनंदानं बसते.

अजून एक, व्हेजवाल्यांना टेबलाच्या टोकाला बसवू नका. पण त्यांना विचारा. काहींना समोर हाडकं चालत नाहीत, काहींना काहीच वाटत नाही, आपण परस्पर ठरवायचं नाही.

जाळ_आणि_धूर

मला पटत नाही हे. मटणाची खानावळ मटण खाणाऱ्यांसाठी असते. माळकरी माणसाला तिथल्या वासात दोन तास बसवायचं आणि वर आपण त्याची किती काळजी घेतली म्हणायचं, याच्यात त्याचं सुख कुठं आलं? सरळ करा, सकाळी सगळे मिळून मिसळ खावा, दुपारी खाणारे सहा खानावळीत जातील, ते दोघं अंबाबाईचं दर्शन घेऊन जवळपास चांगलं शाकाहारी जेवतील. संध्याकाळी सगळे रंकाळ्यावर, मग रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर. समोर म्हैस पिळतात, फेसाचा ग्लास हातात येतो, तिथं व्हेज नॉनव्हेज प्रश्नच नाही. दिवसभर एकत्रच आहात की, एका जेवणासाठी एवढा अट्टाहास कशाला.

पेठेतला_गडी

@जाळ_आणि_धूर दूध कट्टा नक्की करतो, धन्यवाद. पण जेवताना वेगळं व्हायचं नाही हे माझं पक्कं आहे. हॉस्टेलला असताना आमच्या सगळ्यांचे डबे एकाच वर्तमानपत्रावर उघडायचे, माळकरी मित्राच्या घरचं थालीपीठ आम्ही संपवायचो आणि त्याच्यासाठी दही कोण तरी आणून ठेवायचंच. काल त्याला फोन केला, सरळ विचारलं. तो म्हणाला वासाचं मला काही नाही रे, फक्त माझं ताट स्वच्छ असू दे आणि मला सोडून जाऊ नका. आता यावर मी काय बोलणार. त्यामुळं जागा अशी शोधतोय जिथं व्हेजचं भांडं वेगळं आहे.

तिखट न खाणाऱ्याचं कुणी सांगेल का? रस्सा वरचा कट काढून दिला तर चालेल काय?

खानावळवाली_काकी

बाळा कट काढून काही होत नाही, कांदा-लसूण चटणी आत रस्सात उकळलेली असते, वरचं तेल काढलं तरी आतला जाळ तसाच. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तांबडा देऊच नको. पांढरा सौम्य असतो पण त्यातपण मिरी, हिरवी मिरची जाते कुठं कुठं, विचारून दे.

त्याच्यासाठी अळणी सांग. मटण शिजताना पहिल्यांदा अळणीच होतं, मग त्यातनं पांढरा आणि तांबडा निघतो. आमच्या घरात लहान पोरं, म्हातारी माणसं, आजारातनं उठलेला माणूस यांना आधी अळणीची वाटी आणि त्यातल्या मऊ फोडी काढून ठेवतात, मग बाकीच्या मसाल्याला हात. आमची मी दहा-बारा ताटांची घरगुती खानावळ चालवायची तेव्हा सकाळी नऊच्या आत कुणी सांगितलं तर हौसेनं काढून ठेवायची. एकदा सगळं मटण मसाल्यात गेलं की मग कितीही मोठा माणूस आला तरी अळणी कुठनं आणायचं. तेव्हा आदल्या दिवशी सांग आणि रविवारी सकाळी परत आठवण कर. भाताबरोबर अळणी, वर तूप, लिंबू पिळायचं, त्याचं जेवण तुमच्यापेक्षा वरचढ होईल.

आणि भाकरीचं. आठ जणांना गरम गरम एकदम मिळणार नाही, चुलीवर एकावेळी एकच होते. पहिली आली की अर्धी अर्धी वाटून सुरू करा, तोंड बघत बसलात तर सगळ्यांच्या गार होतात.

हिशेबाचा_पक्का

बिलाचं माझ्याकडून. ताटाप्रमाणे ज्याचं त्यानं हे बरोबरच आहे, पण नोकरी गेलेल्या मित्राचं 'तुझे आम्ही भरतो' असं टेबलावर म्हणू नका, त्याला घास उतरणार नाही. आमच्या ग्रुपमध्ये असंच झालेलं तेव्हा आम्ही एक पद्धत लावली ती अजून चालू आहे, प्रत्येक भेटीचं जेवण एकाकडं. यंदा तुझ्याकडं, पुढच्या वेळी बेंगलोरवाल्याकडं, त्याच्या पुढं नाशिककर. ज्याची परिस्थिती नाही त्याचा नंबर आपोआप मागं ढकलायचा, बोलून दाखवायचं नाही. साध्या खानावळीतली आठ ताटं एकाला झेपतात, मोठ्या हॉटेलात नाही झेपत, म्हणून तुझी खानावळीची निवड इथंपण बरोबर आहे. तुला एकट्याला जड होत असेल तर अजून एकाला आधी फोन करून निम्मं घे, पण हे जेवायच्या आधी झालं पाहिजे.

बिल आलं की एवढं बघ. छोट्या खानावळी बऱ्याचदा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाईकाकडून वेगळा जीएसटी घ्यायची परवानगी नाही. वेगळा लावला असला तर बिलावर जीएसटी नंबर पाहिजे आणि साध्या रेस्टॉरंटला दर 5 टक्के. सर्व्हिस चार्ज तर आपोआप लावताच येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे 2022 चे नियम आहेत तसे. साध्या खानावळीत हे सहसा होत नाही, पण पाहुण्यांचा मोठा ग्रुप बघून कुणी लावलंच तर शांतपणे विचार. वाढणाऱ्या पोराला मात्र रोख टीप हातात दे, रविवारी दुपारी आठ जणांना तिसऱ्यांदा रस्सा वाढणं सोपं काम नाही.

पेठेतला_गडी

ताटाचा हिशेब, अळणी, वेगळं वगराळं, सगळं लिहून घेतलं. काकी तुमचा खास आभारी आहे, अळणीचं मला सुचलंच नसतं. बिल माझ्याकडं, आणि पुण्यातला एक मित्र निम्मं देतो म्हणालाय, बाकी कुणाला सांगितलेलं नाही. एकादशी पण बघतो. फोन शनिवारी किती वाजता करू? दुपारी केला तर उचलतील का?

खानावळवाली_काकी

दुपारी बारा ते तीन करू नको, कुणाला उसंत नसते. चारनंतर कर, भांडी आवरून माणसं जरा टेकलेली असतात, नीट ऐकून घेतात. आणि फोनवर ताटं मोजून सांग, पाच मटण, एक अळणी, दोन व्हेज, नुसतं आठ माणसं म्हणू नको.