गॅरेज आणि बागेच्या शेडमधील घुशी-उंदरांचा बंदोबस्त

प्रश्न : कळंब्याच्या बाजूला आमचे घर असून मागे उसाचा फड आहे. तोडणी झाली की उंदीर आणि घुशी गॅरेजमध्ये व अवजारांच्या शेडमध्ये शिरतात. यंदा बॉनेटखालच्या वायरी कुरतडलेल्या आढळल्या. विष न वापरता काय करता येईल?

उत्तर १ : आधी फटी बुजवाव्यात, बाकी सारे नंतर. लहान उंदीर 6 मिलिमीटरच्या फटीतूनही आत येतो, त्यामुळे शटरखाली नुसते रबर लावून भागत नाही. ते तो कुरतडतो, म्हणून बाहेरून पत्र्याची पट्टी ठोकावी आणि पाइपांभोवतीची भोके स्टीलच्या काथ्याने भरून वर सिमेंट लिंपावे. घूस मात्र जमिनीखालून येते. भिंतीलगत ताज्या मातीचा ढीग दिसला, तर तेथे पायाशेजारी गॅल्व्हनाइज्ड जाळी खोल पुरून तिची खालची कड बाहेरच्या बाजूस वळवावी.

उत्तर २ : शेडमध्ये पेंड किंवा बियाणे पोत्यात ठेवता का? तसे असेल तर ते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात हलवा, कारण खाद्य उघडे असेपर्यंत पिंजऱ्यातल्या भज्याकडे कोण फिरकणार! विष टाळता हे योग्यच. विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडे आणि मांजरेही दगावतात.

प्रश्नकर्ता : पेंड पोत्यातच आहे. शिवाय लाकडांच्या ढिगाऱ्यात धामण दिसली होती.

उत्तर १ : धामण बिनविषारी असून उंदीर खाते, तिला मारू नका. मात्र नाग आणि घोणसही उंदरांमागे येतात, म्हणून लाकडे भिंतीपासून दूर, जमिनीपासून हातभर उंच रचावीत.