‘प्रांजळ’ की ‘प्रामाणिक’? ‘विनोदी’ की ‘मार्मिक’? गाण्यासाठी शब्द हवाय

सातारची गायिका : आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा गाण्यांचा कार्यक्रम आहे. गिटार, ढोलकी, पेटी, आणि गाणी आम्हीच लिहिलेली. पत्रिकेत या गाण्यांचं वर्णन दोन शब्दांत करायचंय. इंग्रजीत अशा गाण्यांना ‘ऑनेस्ट अँड विटी’ म्हणतात. अमेरिकेतला ख्रिस्ती गायक रिच मलिन्स (१९५५–१९९७) हॅमर्ड डल्सिमर वाजवायचा. ते आपल्या संतूरसारखं काड्यांनी वाजवायचं वाद्य. त्याची गाणी ऐकूनच मी लिहायला लागले. मी पत्रिकेत ‘प्रामाणिक व विनोदी गीते’ लिहिलं, तर मंडळीतले एक ज्येष्ठ म्हणाले, “उपासनेत विनोद कशाला?” मला फार लागलं. गाण्यातल्या दोन ओळी अशा :

डोळे मिटून बसले देवा, मन गेलं चुलीपाशी
तुझं नाव ओठांवरती, बिर्याणीचा वास नाकाशी

कृष्णाकाठचा : ताई, ओळी झकास आहेत! तुमचा घात ‘विनोदी’नं केलाय. विनोदी म्हटलं की लोक हसायच्या तयारीनं येतात, विनोदी नाटकाला जातात तसे. इथे हसू येतं आणि लगेच आपलंही मन चुलीपाशी गेलेलं आठवतं. त्याला ‘मार्मिक’ म्हणतात. शब्द ‘मर्म’वरून आलाय, बोट नेमकं दुखऱ्या जागी पडलं पाहिजे. ‘खोचक’ मात्र लिहू नका, खोचक बोलणं दुसऱ्याला टोचण्यासाठी असतं.

सातारची गायिका : आणि ‘मिश्कील’?

कृष्णाकाठचा : मिश्कील माणूस असतो, हसू असतं, नजर असते. गाण्याला चालेल, पण त्यात खोडी जास्त, कबुली कमी. तुमच्या ओळींत आधी कबुली आहे.

मिरजकर मावशी : कबुलीवरूनच सांगते. ‘प्रामाणिक’ हा शब्द व्यवहाराचा झालाय. प्रामाणिक दुकानदार, प्रामाणिक नोकर. मुळात ‘प्रमाण’ म्हणजे पुरावा, आधार. ‘प्रांजळ’ वेगळा. आपण ‘प्रांजळपणे कबूल करतो’ म्हणतो; ‘प्रामाणिकपणे कबूल करतो’ हल्ली ऐकू येतं, पण त्यात ती ऊब नाही. प्रांजळ बोलणारा स्वतःच्या विरुद्धही बोलतो. संस्कृतात ‘प्रांजल’ म्हणजे सरळ, आडपडदा नसलेलं. बिर्याणीची ओळ प्रांजळच.

शिवाय पोरी, तुझ्या साताऱ्यातच याची मुळं आहेत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्याला आले आणि तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभा केला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं त्यांनी ख्रिस्ती भक्तीत आणलं, म्हणून आपली भजनं परकी वाटत नाहीत. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाच. नवऱ्यावरचं प्रेम, संसारातली तारांबळ, धर्म बदलताना झालेली घालमेल, सगळं त्या लपवाछपवी न करता सांगतात, आणि पानापानावर हसवतात. टिळकांचं ख्रिस्तावरचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ पुरं करणारी हीच बाई! भक्तीची आणि हसण्याची फारकत तिने कधी केली नाही. त्या ज्येष्ठांना हे नक्की सांग.

कृष्णाकाठचा : मावशी, एकनाथांची भारुडंही याच वाटेची. लोक हसत हसत ऐकतात आणि विंचू कुठला ते उमगतं.

वाईकर : मंडळीत यासाठी ‘साक्ष’ हा शब्द आधीच आहे ना? कुणी उठून आपलं खरं सांगतं, ती साक्ष.

मिरजकर मावशी : साक्ष देतात ती देवानं आपल्यासाठी काय केलं याची. ही पोरगी सांगतेय ती प्रार्थनेत आपण काय केलं त्याची कबुली. ‘साक्ष’ लिहिलंस तर लोक वेगळ्याच गोष्टीची वाट बघत बसतील.

सातारची गायिका : मग पत्रिकेत असं लिहिते : ‘प्रांजळ आणि मार्मिक भक्तिगीते. गिटार, ढोलकी, पेटी.’ मावशी, ‘आणि’ ठेवू की ‘व’?

मिरजकर मावशी : ‘आणि’ ठेव. ‘व’ सरकारी कागदावर शोभतो.