ब्लेनम पॅलेस आणि ऑक्सफर्ड: एका दिवसात दोन्ही होते का?

धाकटा (शेफील्ड): ताई, आमच्या विद्यापीठातर्फे पुढच्या शनिवारी ब्लेनम पॅलेस आणि ऑक्सफर्ड अशी एक दिवसाची सहल निघणार असून नाव उद्यापर्यंत द्यायचे आहे. तू अशाच सहलीला जाऊन आलीस, म्हणून विचारतो. एका दिवसात दोन्ही पाहून होते का?

ताई (कॉव्हेंट्री): दोन्हीकडे पाय लागतात, मनासारखे एकच पाहून होते. सकाळी आधी वुडस्टॉकला पॅलेसवर नेतात आणि दुपारी ऑक्सफर्डला सोडतात. अंतर जेमतेम १३ किलोमीटर आहे, तरीही आमच्यातले बरेच जण दालनांत रेंगाळले आणि ऑक्सफर्डमध्ये पोहोचेपर्यंत दुपार कलली. माझे ऐकशील तर आतली दालने भराभर पाहा, बागेत थोडे निवांत फिर आणि जास्तीत जास्त वेळ ऑक्सफर्डसाठी राखून ठेव.

काका (डोंबिवली): विन्स्टन चर्चिल जिथे जन्मले ती वास्तू भराभर पाहायची, हे काही मला पटत नाही.

ताई: काका, ते ३० नोव्हेंबर १८७४ रोजी तिथे जन्मले आणि ती खोली दाखवतातही, परंतु ते वाड्याचे मालक असलेल्या सातव्या ड्यूकच्या, म्हणजे त्या घराण्यातल्या सातव्या सरदाराच्या, धाकट्या मुलाचे चिरंजीव असल्यामुळे तो वाडा कधीच त्यांच्या नावावर आला नाही. त्यांच्यापेक्षा वाड्याच्या जन्माची गोष्ट अधिक रंगतदार आहे. पहिले ड्यूक ऑफ मार्लबरो जॉन चर्चिल यांनी १७०४ मध्ये बव्हेरियात डॅन्यूबकाठच्या ब्लेनमच्या लढाईत फ्रेंचांना हरवले, म्हणून ॲन राणीने त्यांना वुडस्टॉकची जमीन दिली आणि १७०५ मध्ये सरकारी पैशाने बांधकाम सुरू झाले. पुढे ड्यूकच्या पत्नी सारा यांचे राणीशी बिनसले, १७१२ मध्ये पैसा आटला आणि काम बंद पडले. नंतर कुटुंबाने पदरमोड करून ते पुरे केले, पण साराबाईंचे वास्तुरचनाकार जॉन व्हॅनब्रू यांच्याशीही इतके वाजले होते की १७२५ मध्ये ते स्वतःच उभारलेला वाडा पाहायला आले तेव्हा त्यांना आत पाऊलही टाकू दिले नाही.

काका: म्हणजे हे आपल्याकडच्या इनामासारखेच झाले.

ताई: अगदी तसेच, आणि नजराणाही ठरलेला आहे. लढाईच्या वार्षिक दिनी, म्हणजे १३ ऑगस्टला, फ्रेंच राजचिन्ह असलेला एक ध्वज दर वर्षी विंडसरच्या राजवाड्यात पोहोचवावा लागतो.

मावशी (पुणे): इतिहास राहू दे. बागेत काय आहे आणि डबा नेता येतो का, ते सांग. तिथल्या उपाहारगृहात मुलांचे खिसे रिकामे होत असणार.

ताई: मावशी, हिरवळीवर बसून खुशाल डबा खाता येतो. बागेत पाहायचा तो तलाव. व्हॅनब्रू यांनी एका लहानशा ओढ्यावर एवढा प्रचंड पूल बांधला होता की तो उगाचच उभा असल्यासारखा दिसे. १७६० च्या दशकात लान्सलॉट ब्राउन या बागरचनाकाराने ग्लाइम नदीला बांध घालून पाणी पसरवले, तेव्हा कुठे पुलाला शोभा आली. पुलाच्या पोटात खोल्या आहेत आणि त्यातल्या खालच्या त्या पाण्यात बुडाल्या. धाकट्या, आणखी एक गोष्ट चुकवू नकोस. उत्तरेकडच्या दर्शनी खांबांखाली थांबून मान वर कर, म्हणजे छतावर रंगवलेले सहा भलेमोठे डोळे दिसतील, तीन निळे आणि तीन तपकिरी. नवव्या ड्यूकच्या दुसऱ्या पत्नी ग्लॅडिस यांच्यासाठी ते १९२८ मध्ये रंगवले आणि त्यातले निळे त्यांच्याच डोळ्यांवरून घेतलेले आहेत. आमच्यातले निम्मे जण मोबाइलमध्ये तिकीट शोधत खालूनच निघून गेले.

आजोबा (नाशिक): चिरंजीवांस आशीर्वाद. ऑक्सफर्डचा विषय निघाला आहे आणि आपल्या गावच्या कन्येचे नाव कोणी काढत नाही, याचे नवल वाटते. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकला झाला. त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या, परंतु विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री असल्यामुळे त्यांना नाकारली गेली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी काढली, तेव्हा त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली आणि पदवी हाती पडली १९२२ मध्ये, कारण ते विद्यापीठ १९२० पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नव्हते. नातवाने ती जागा पाहून यावी. तेथील होलीवेल दफनभूमीत संस्कृतचे पंडित मॅक्स म्युलर यांची समाधी आहे, तेथेही जमल्यास जावे. लोकमान्यांची १८९८ मध्ये मुदतीआधी सुटका झाली, त्यासाठी व्हिक्टोरिया राणीकडे अर्ज करणाऱ्यांत म्युलर होते.

धाकटा: आजोबा, सॉमरव्हिलला नक्की जातो. ताई, ते ऐन गर्दीच्या भागापासून लांब आहे का?

ताई: वुडस्टॉक रोडवरच आहे, त्यामुळे पॅलेसकडून येताना बस बहुधा त्याच रस्त्याने शहरात शिरेल. एक लक्षात ठेव, ऑक्सफर्ड विद्यापीठाला एकच एक आवार नाही. चाळीसच्या आसपास कॉलेजे शहरभर पसरलेली आहेत आणि प्रत्येकाची पाहुण्यांची वेळ वेगळी असते, म्हणून दारातल्या पहारेकऱ्याच्या खोलीत नम्रपणे विचारावे. ख्राइस्ट चर्चला मोठी रांग आणि महाग तिकीट असते, ते मी तरी सोडून देईन. त्याऐवजी सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्याच्या १२७ पायऱ्या चढ. जिना इतका अरुंद आहे की समोरून कोणी आले तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते, पण वर रॅडक्लिफ कॅमेरा नावाच्या गोल ग्रंथालयाचा घुमट अगदी समोर येतो. तिथून जवळच ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटची इमारत आहे. संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते मोनिअर विल्यम्स यांनी ती संस्था उभारली. तिच्या माथ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा हत्ती आहे. वेळ उरला तर ॲशमोलियन संग्रहालय पाहा, तिथे प्रवेशशुल्क नाही.

काका: ठीक आहे, पण चर्चिल यांची खोली तेवढी सोडू नकोस. फोटो पाठव.

धाकटा: काका, पाठवतो. पॅलेसला दोन तास, त्यातला एक तलावाकाठी डब्यासह, आणि नंतर मनोरा, इंडियन इन्स्टिट्यूट आणि सॉमरव्हिल, असे ठरवून उद्या सकाळीच नाव देतो. होलीवेलचे मात्र बस कधी सोडते त्यावर ठरेल.