गॉलवेच्या 94 गुणांमागची तीन वर्षं

कुणीतरी लिहिलंय की 2023 चा आयरिश फर्स्ट डिव्हिजन, म्हणजे आयर्लंडमधल्या फुटबॉलची दुसऱ्या स्तराची लीग, एकतर्फी झाला, गॉलवे युनायटेडने 36 सामन्यांत 94 गुण घेतले, मग बघायचं काय? गुणतक्ता तसाच दिसतो, मान्य. पण गॉलवे 2017 ला प्रीमियर डिव्हिजनमधून, म्हणजे सर्वात वरच्या लीगमधून, खाली आला होता, आणि 2020, 2021, 2022 असा सलग तीन वर्षं प्लेऑफपर्यंत जाऊन अडकला होता. इथे थेट बढती फक्त पहिल्या क्रमांकाला. दुसऱ्या ते पाचव्याने आधी आपसात लढायचं, आणि त्यातून जो उरेल त्याने पुन्हा वरच्या लीगमधल्या नवव्या संघाला हरवायचं. हंगामभर दुसरा राहिलेला संघही नोव्हेंबरमध्ये रिकाम्या हाताने घरी जाऊ शकतो. प्रशिक्षक जॉन कॉलफिल्डच्या गॉलवेने 2023 मध्ये गुणांचा जो सपाटा लावला, तो मला या भीतीतूनच आलेला वाटतो. याच लीगमधल्या वॉटरफर्डला मात्र प्लेऑफचा तो लांबचा रस्ता चुकला नाही. टॅला स्टेडियमवर वरच्या लीगमधल्या कॉर्क सिटीला जादा वेळेत 2-1 हरवलं तेव्हा कुठे ते वर गेले.

आणि तळाकडे कुणी बघितलंच नाही! केरी एफसीचा तो पहिलाच हंगाम. केरी परगणा म्हणजे गेलिक फुटबॉलचा (आयर्लंडचा स्वतःचा खेळ, त्यात चेंडू हातानेही खेळतात) बालेकिल्ला, तिथे ट्रली गावात सॉकरचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या फुटबॉलचा, राष्ट्रीय लीगमधला संघ उभा राहिला. शेवटचे आले, पण तेव्हा या लीगमधून खाली घसरणं नव्हतंच, त्यामुळे पुढच्या वर्षीही ते याच लीगमध्ये खेळले.