शार्को यांचा 'हिस्टेरो-एपिलेप्सी' हा शब्द नेमका कशासाठी होता?

सदाफुली
फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांच्याविषयी सध्या वाचत आहे. 1862 पासून पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात त्यांनी अपस्मार आणि उन्माद, म्हणजे हिस्टेरिया, या दोहोंचा अभ्यास केला. तरीही त्यांच्या लेखनात 'हिस्टेरो-एपिलेप्सी' असा जोडशब्द येतो. त्यांना हे दोन्ही विकार एकच वाटत होते का? आणि ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत्-लहरींची नोंद, नसताना ते फरक कसा ओळखत असत?

आडवाट
एकच वाटत नव्हते. शब्द फसवा आहे, इतकेच. ज्या रुग्णांना ते हे नाव देत, त्यांतील बहुतेकांचा मूळ विकार उन्माद असून त्याने केवळ अपस्माराचे रूप घेतले आहे, असे त्यांचे मत होते. फरक ओळखण्यासाठी त्यांच्या हाती होता साधा तापमापक. फिटा लागोपाठ येत राहिल्या, तर अपस्मारात शरीराचे तापमान झपाट्याने चढते. उन्मादाचे झटके तासन् तास चालले तरी ते फारसे हलत नाही. त्यांचे सहकारी बुर्नविल यांनी अशी तापमाने चिकाटीने नोंदवली. शिवाय ओटीपोटात अंडाशयाच्या जागी दाब दिला की उन्मादाचा झटका थांबतो, असा शार्को यांचा दावा होता.

दवबिंदू
तापमापकाचे मान्य, पण दाबाच्या त्या दाव्याकडे सावधपणेच पाहावे. साल्पेत्रिएरमध्ये अपस्माराच्या आणि उन्मादाच्या स्त्रिया एकाच विभागात ठेवलेल्या होत्या, त्यामुळे खऱ्या फिटा कशा दिसतात हे दुसऱ्या गटातील स्त्रियांच्या रोज डोळ्यांसमोर घडत होते. त्यात भर म्हणून श्रोत्यांनी भरलेल्या सभागृहात त्यांना उभे केले जाई. अशा वातावरणात काय अपेक्षित आहे, हे रुग्णाला कोणी सांगावे लागत नाही. 1893 मध्ये शार्को वारल्यावर त्यांचेच शिष्य बाबिन्स्की यांनी उन्मादाची लक्षणे सूचनेतून उपजतात आणि समजावण्याने जातात, अशी मांडणी केली. मात्र त्या स्त्रिया सोंग करत होत्या, असा अर्थ कृपया काढू नये.

आडवाट
हा मुद्दा रास्त आहे. पुढचा पल्ला थोडक्यात सांगतो. हान्स बेर्गर यांनी 1924 मध्ये येना येथे माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरी प्रथम नोंदवल्या आणि 1929 मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. 1978 मध्ये लंडनचे मायकेल ट्रिम्बल यांनी दाखवले की, सर्वांगाच्या अपस्मारी फिटेनंतर रक्तातील प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, उन्मादाच्या झटक्यानंतर वाढत नाही. आज निर्णायक मानतात ती व्हिडिओ-ईईजी तपासणी, म्हणजे झटक्याचे चित्रीकरण आणि ईईजी एकाच वेळी. तरीही मेंदूच्या पुढच्या भागातून उठणारी काही फिट इतकी विचित्र दिसते आणि डोक्यावर लावलेल्या तारांना इतकी हुलकावणी देते की, तिला 'सूडो सीझर', म्हणजे अपस्माराची नसलेली फिट, ठरवण्याची चूक आजही होऊ शकते. शिवाय काही रुग्णांना दोन्ही विकार असतात.

सदाफुली
आभारी आहे. आपल्याकडे फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवतात, तेही अंडाशयावरील दाबासारखेच म्हणायचे का?

दवबिंदू
पूर्णपणे नाही. शार्को यांच्या रुग्णांवर बहुधा सूचनेचा परिणाम होत असावा. अपस्माराची फिट मात्र बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, आणि तेवढ्यात कोणीतरी कांदा फोडून आणलेला असतो.